मच्छिंद्री आणि मॉड्युलर किचन

आमच्या हॉलच्या भिंतीवर पेन्सिलीची एक रेघ होती. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी घरात कुठवर आलं, ते लक्षात राहावं म्हणून थोरल्या दादानं मारलेली. तिच्या चार बोटं वर दुसरी, २०२१ च्या जुलैतली. पाहुणे आले की चहाच्या आधी आम्ही रेघा दाखवायचो. "छातीपतूर आलतं," असं सांगताना सांगणाऱ्याची छाती इंचभर फुगायची. आपला पूरसुद्धा जगात भारीच असावा लागतो.

यंदा घराचं काम काढलं. पहिल्याच दिवशी गवंड्यानं प्लास्टर उतरवलं, त्यात दोन्ही रेघा गेल्या. सगळ्यांना हलकं वाटलं. पूर संपला.

नियोजनात आम्ही कमी पडलो, असं मात्र कुणी म्हणू नये. दीड वर्ष नुसतं नियोजन चाललं होतं. फरशीसाठी अकरा दुकानं पालथी घातली. भिंतीचा रंग 'हस्तिदंती' की 'मलई', यावर घरात तीन आठवडे अबोला होता. वास्तुवाले आले, होकायंत्र फिरवून म्हणाले, "पाणी ईशान्येला पाहिजे." आमच्या कोल्हापूरच्या शाहूपुरीत पाणी येतं ते जयंती नाल्याच्या फुगवट्यातून, गटारातून आणि शेवटी संडासातून. ही दिशा त्यांच्या शास्त्रात नव्हती. त्यांनी देवघर हलवलं आणि पाकीट घेऊन गेले.

मग अंदाजपत्रक आलं. पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या दिसतात, पाचवी सरस्वती गुप्त. आमच्या कागदावरही सिमेंट, सळी, मजुरी आणि फरशी असे चारच प्रवाह दिसत होते. पाचवा काम निम्म्यावर आल्यावर प्रकट झाला आणि बाकीच्या चारांना पोटात घेऊन वाहू लागला.

खरा पेच पडला तो विजेच्या बोर्डावर. आमचे मिस्त्रीमामा जुने. भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "सायेब, बोर्ड हितं घेऊया. पाच फुटावर."

इंटिरियरवाल्या बाईंनी असं बघितलं, की जणू त्यांच्या पांढऱ्या रश्शात कुणी साखर घातली. "मामा, सॉकेट खाली असतात. नऊ इंचांवर. दिसता कामा नयेत."

"दिसायचं न्हाईतच," मामा म्हणाले, "पान्याखाली कशाला दिसत्यात?"

आता आमच्या घराची गंमत बघा. इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे, की राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ ला ५५ फूट ओलांडले, २०२१ ला ५६. बायकोचा वाढदिवस विसरणारा माणूस हे आकडे झोपेतही सांगतो. जुलै लागला की फोनवर तब्येतीच्या आधी "मच्छिंद्री झाली काय?" असं विचारतो. पुराचं पाणी शिवाजी पुलावरच्या माशाच्या खुणेपर्यंत चढलं, की मच्छिंद्री. तो पूल जणू घरातला वडीलधारा. एवढं सगळं तोंडपाठ असलेल्या आमच्या कुटुंबानं सर्वानुमते बोर्ड नऊ इंचांवर घेतले. किचनही खालपासून भुशाच्या दाबीव फळ्यांचं, पाणी लागलं की पुरीसारखं फुगणारं. फुगण्यावरून आठवलं. राधानगरी धरणाचे ७ दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात. आमच्या बाथरूमचा नवा दरवाजा पहिल्या वळवातच आपोआप बंद झाला. सुताराचा फोन तर त्याच्याही आधी.

जागा घेताना प्रत्येक जण विचारतो, "पाणी येतं काय?" पण ते नळाचं. नळाच्या पाण्यासाठी काळम्मावाडीहून थेट पाइपलाइन मागता मागता शहराच्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या आणि २०२३ च्या दिवाळीत ते एकदाचं आलं. दुसरं पाणी पाइपलाइनशिवाय थेट येतं, त्याची चौकशी कुणी करत नाही. खरं तर नकाशात त्याच्या दोन रेषा आखलेल्या असतात. निळी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळीच्या आत नवं घर बांधायचं नाही, निळी आणि लाल यांच्या मध्ये बांधायचं तर जोतं लालच्या वर उचलायचं. हे ऐकून आमच्या एका पाहुण्यानं गंभीरपणे विचारलं होतं, "रेषा जरा सरकवून देणारं कोण हाय काय ओळखीचं?"

वरच्या खोलीचा स्लॅब मात्र झकास पडला. पोती किती लागली ते कुणाला सांगता आलं नाही. मटण किती लागलं ते ग्रॅमसकट सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच रात्री, तांबड्याची दुसरी वाटी रिकामी करून, मामांनी कानावरची पेन्सिल काढली आणि ओल्या प्लास्टरवर छातीच्या उंचीला दोन रेघा ओढल्या. मापं त्यांनी वहीत लिहून ठेवली होती. काम घेतलं त्याच दिवशी.

रंगवाला सोमवारी येतोय. तोवर वाचकांना एकच विनंती. यंदा काम काढणार असाल, तर फरशीच्या बाराव्या दुकानात जायच्या आधी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन त्या दोन रेषा बघून या. आणि आमचं घर कोणत्या रेषेत येतं, तेही जमलं तर बघा. आम्ही अजून गेलेलो नाही.