तणाचे फोटो

जामनेरकरांच्या लेखी अजिंठा म्हणजे पाहुण्यांना दाखवायची जागा. आपण होऊन तिकडे कोणी फारसं जात नाही. घरात नवी सून आली किंवा पुण्याचे जावई सुट्टीत उतरले, की पहूर, वाकोद, फर्दापूर हा रस्ता ठरलेला. त्यामुळे श्रावणात गुरुजींनी ‘लेण्या नाही, झाडंझुडपं बघायला जाऊ’ असं जाहीर केलं, तेव्हा घरच्यांनी आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

तब्येत उत्तम होती. निवृत्तीनंतर गुरुजी कॅमेऱ्याच्या नादी लागले होते, इतकंच. मध्यंतरी ते मुंबईला राणीच्या बागेत जाऊन आले. १८६२ साली खुली झालेली ती बाग झाडांचे फोटो काढणाऱ्याची पंढरी. फुगलेल्या खोडाची गोरखचिंच, थेट बुंध्यालाच फुलं येणारा कैलासपती, आणि जागोजागी नावांच्या पाट्या. गर्दीचा सगळा ओढा मात्र पेंग्विनकडे. त्या रेट्यातून गुरुजींनी जे फोटो आणले, त्यांत झाडांपेक्षा पाट्या जास्त स्पष्ट आल्या. पाटी वाऱ्याने हलत नाही, हा तिचा मोठा गुण.

अजिंठ्याच्या दरीत पाट्या नाहीत, म्हणून गुरुजींनी तीच निवडली. सोमवारी लेणी बंद, म्हणून रविवार ठरला. गाडी नानांची, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा काकूंचा, आणि भाच्याकडे मोबाइल. पैकी नाना पडले कपाशीवाले. जगातल्या वनस्पतींचे त्यांच्या हिशेबी दोनच प्रकार : पीक आणि तण.

गुरुजींना घाई होती ती केन्याच्या निळ्या फुलाची. हे फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं. पहूरला नानांनी चहासाठी गाडी थांबवली. चहाबरोबर भजी आली, भज्यांबरोबर ओळखीचे लोक आले, ओळखीच्यांबरोबर कापसाचा भाव आला. गुरुजी घड्याळाकडे बघत उभे.

“काय भो नाना, फूल मिटेल ना!”

“मिटू द्या गुरुजी. उद्या पुन्हा उगवतं. माझ्या वावरात तर उपटलं तरी उगवतं.”

फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून पुढचे चारेक किलोमीटर बसने जावं लागतं. बसमधून उतरल्यावर प्रवासी लेण्यांच्या पायऱ्यांकडे वळले आणि गुरुजी गवतात बसले. केना अजून उघडा होता. नखाएवढं फूल, दोन निळ्या पाकळ्या. ढगाळ हवा फुलांच्या फोटोला फार चांगली. सावल्या कडक पडत नाहीत आणि रंग जळत नाहीत. पण दरीत वारा. फूल डावीकडे गेलं की कॅमेरा उजवीकडचं गवत टिपे. मग काकूंची छत्री आडोसा म्हणून उभी राहिली. ती वारा अडवते आणि मागची गिचमिडही झाकते, हे तंत्र खरंच चालतं. फक्त छत्री एकरंगी हवी. काकूंच्या छत्रीवर गुलाबाची मोठमोठी फुलं होती. फोटोत केना गुलाबाच्या ताटव्यात उगवल्यासारखा दिसला.

“हे तर तणच आहे,” नाना म्हणाले. “निंदणीला बाया मिळत नाहीत अन् तुम्ही याच्यासाठी डिझेल जाळलं?”

पुढे तरोट्याची पिवळी फुलं आली, आघाडा आला, प्रत्येकाला तोच शेरा. कळलावीच्या लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या पाकळ्यांपुढे मात्र नानाही थांबले. काकूंनी लगेच बजावलं, की हिचा फोटोसुद्धा घरात लावायचा नाही, भांडणं होतात. कंद विषारी असतो हे खरं आहे. भांडणांचं शास्त्र अजून कोणी तपासलेलं दिसत नाही.

याच दरीत गुरुजींचे पूर्वज म्हणावेत असे एक गृहस्थ होऊन गेले. रॉबर्ट गिल, मद्रासच्या फौजेतला अधिकारी. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याला भित्तिचित्रांच्या नकला करायला पाठवलं आणि तो इथलाच झाला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. १८५६च्या सुमारास त्याने कॅमेराही हाती घेतला होता, आणि १८६४ मध्ये वास्तू व निसर्ग अशा दोन्ही विषयांवरच्या त्याच्या शंभर दुहेरी (स्टिरिओस्कोपिक) छायाचित्रांचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. त्या काळी काचेवर रसायन पसरून, ती ओली आहे तोवरच फोटो घेऊन धुवावा लागे. म्हणजे अंधारा तंबू जवळच हवा. गिल पट्टीचा शिकारीही होता. वाऱ्यावर डोलणाऱ्या केन्यापेक्षा पडलेला वाघ त्या कॅमेऱ्याला सोयीचा, असा गुरुजींचा अंदाज. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. जामनेरहून भुसावळला जाणारे तिथे बहुधा गाडी बदलतात आणि पुढे जातात.

लेण्यांत शिरायचं नाही असं ठरलेलं असूनही पावसाची सर आली आणि सगळे पहिल्या लेण्यात घुसले. आत फ्लॅशला बंदी, उजेड बेताचा. भिंतीवर चितारलेल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या हातात निळं कमळ होतं. दीड हजार वर्षांत ते मिटलेलं नाही आणि वाऱ्याने हलतही नाही. गुरुजींनी श्वास रोखून खटका दाबला. नेमका त्याच क्षणी एका सहलीतल्या मुलाचा हात मध्ये आला.

भाच्याने सप्तकुंडाच्या धबधब्याचा फोटो चालता चालता, मान वळवून काढला. बाहेर येईपर्यंत तो नातेवाइकांच्या गटात जाऊन त्यावर अंगठे पडले होते. वाघूर नदीचं हे पाणी कसंही टिपलं तरी चांगलंच दिसतं, यावर गुरुजी वाटभर बोलत राहिले. जेवायला बसल्यावर वानरांनी भाकरी पळवली, तीही फोटोत आली नाही.

पण तणाचे फोटो वाया गेले नाहीत. केन्याचा मोठा केलेला फोटो पाहून नानांच्या डोक्यात काहीतरी चमकलं आणि दुसऱ्याच दिवशी ते गुरुजींना वावरात घेऊन गेले. कपाशीच्या काही फुलांच्या पाकळ्या उमलण्याऐवजी एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या झाल्या होत्या. ही डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते. कृषी अधिकाऱ्याला दाखवायला नानांना जवळून घेतलेला फोटो हवा होता.

वारा पडलेला, ढग पातळ, कळी स्थिर. गुरुजी गुडघ्यावर बसले, स्टँड खाली केला, एका अंगाने घेतला, दुसऱ्या अंगाने घेतला. असा विषय राणीच्या बागेतही मिळाला नव्हता.

“झालं का?” नानांनी विचारलं.

“थांबा, ऊन थोडं सरकू द्या.”

“ऊन सरकेपर्यंत अळी बोंडात जाईल ना भो,” म्हणत नानांनी डोमकळी तोडली, चिरडली आणि पुढच्या सरीत शिरले.