बुफरशेठ

गाडीच्या डिकीत बुफर बसवणाऱ्या पोराबद्दल गावाचा निकाल कधीच लागलेला असतो. पोरगं हातचं गेलं, बापाच्या उसाचे पैसे गेले, आता कानही जाणार. मुरुम असो, उमरगा असो की हद्दीपलीकडचं आळंद असो, निकाल हाच. तिकडे तो कानडीत सुनावतात एवढंच. मला तो मान्य नाही. या वाणाच्या माणसाला आपण बुफरशेठ म्हणू आणि माझ्या मते हा बुफरशेठ गावातला सर्वांत निःस्वार्थी श्रोता आहे. तो गाणं स्वतःसाठी लावतच नाही. हे पटवून घ्यायला त्याच्या मनात शिरायची गरज नाही. डिकीतल्या डब्याला भोक आहे की नाही, एवढं पाहिलं तरी पुरे.

बुफरशेठ पंचवीस-तिशीतला. गाडी पांढरी, बहुधा स्विफ्ट, बहुधा दुसऱ्या हाताची, नंबर एमएच २५. मागच्या काचेवर तुळजाभवानीचं नाव. काचांना काळी फिल्म होती ती पोलिसांनी काढायला लावली, तिचा डिंक अजून कडेकडेने शिल्लक. धंदा विचारला तर ‘शेती, आन् थोडं प्लॉटिंगचं’. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तो ‘युवा नेते’ असतो, बाकी वर्षभर नुसता दादा. बोलायला मवाळ, म्हाताऱ्यांच्या पाया पडणारा, लग्नात बादली धरून पंगत वाढणारा. त्याचा जो काही आवाज आहे तो सगळा डिकीत. नवी सिस्टीम बसवली की तो काय करतो ते बघण्यासारखं असतं. तो ती सीटवर बसून ऐकत नाही. मित्राला आत बसवतो, ‘वाढीव, वाढीव’ म्हणून हाताने खुणावतो आणि स्वतः वीस-पंचवीस पावलं लांब जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहतो. ‘हितं येऊलालंय की!’ म्हणतो आणि आणखी दहा पावलं मागे सरकतो. नंबर प्लेट थरथरते, डिकीच्या झाकणावरची धूळ दर ठोक्याला उडी मारते, टपरीवरचे काचेचे ग्लास किणकिणतात. तेव्हा कुठे त्याची मान हलते. लोक पैसे मोजून वस्तू घरात आणतात. हा पैसे मोजून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहतो.

अशा माणसापुढे फिटिंगच्या दुकानात पहिला प्रश्न येतो तो डब्याचा. बुफर उघडा वाजवून चालत नाही. त्याचा कोन पुढे जाताना समोरची हवा दाबतो, त्याच वेळी मागची हवा विरळ करतो, आणि या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की दोघीही संपतात. म्हणून मागची लाट कोंडावी लागते, आणि तशी ती कोंडायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली, डबा सगळीकडून बंद. मग आतली हवाच स्प्रिंगचं काम करते आणि कोनाला आवरून धरते. एडगर विल्चूर या अमेरिकन माणसाने १९५४ मध्ये याच तत्त्वावरचा स्पीकर काढला आणि खोल ठोक्यासाठी कपाटाएवढा डबा लागतो ही समजूत मोडली. दुसरी तऱ्हा भोकाची. मडक्याच्या तोंडावर फुंकर घातली की ते आपल्या एका ठरावीक सुरात घुमतं. त्या घुमण्याचं गणित हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलं आणि बेल लॅब्जमधल्या अल्बर्ट थुरासला ते स्पीकरच्या डब्याला जोडल्याबद्दल १९३२ मध्ये पेटंट मिळालं. इथे मागची लाट वाया जात नाही, पाइपातून फिरून पुढच्या लाटेच्या मदतीला येते. त्या ठरावीक सुराच्या आसपास ढोबळमानाने ३ डेसिबलचा फायदा मिळतो, म्हणजे अँपची ताकद दुप्पट केल्यासारखं. मोबदला जागेत द्यावा लागतो. बारा इंची बुफरला बंद डबा २८-३० लिटरचा पुरतो, भोकाचा पन्नासच्या पुढे जातो. फिटिंगवाला उस्ताद हे गणित सांगत बसत नाही. तो ‘बंद का भोकाचा?’ एवढंच विचारतो, आणि बुफरशेठ क्षणाचाही विचार न करता सांगतो, ‘भोकाचा, उस्ताद. गावाला कळाय पाहिजे की.’

या उत्तरातला प्रामाणिकपणा शहाण्या लोकांच्या ध्यानात येत नाही, कारण ते लगेच भोकाच्या डब्याचे दोष काढायला बसतात. दोष आहेतच. भोकाचा डबा एका सुरावर बांधलेला असतो. पन्नास लिटरच्या डब्याला चार इंची पीव्हीसी पाइप (सांडपाण्याला लावतात तोच) पंचवीस सेंटीमीटर लांब घातला, तर डबा साधारण ३८ हर्ट्झवर घुमतो. पण डब्याची खोली कमी पडते, पाइपाचं तोंड मागच्या फळीला टेकायला लागतं, आणि उस्ताद ‘काही फरक पडत नाही’ म्हणत करवतीने तो निम्म्यावर आणतो. फरक पडतो. सूर ४८ हर्ट्झच्या आसपास चढतो. त्या सुराच्या खाली कोनाला आवरायला हवेची स्प्रिंग उरत नाही, तो मोकाट धावतो, आणि एखाद्या रीमिक्समधला फारच खोल ठोका आला की कॉइल टकटक करत आपटते. बंद डब्याचा आवाज खालच्या सुरांकडे दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, भोकाच्याचा २४ ने. म्हणजे एक पायऱ्यांनी उतरतो आणि दुसरा कड्यावरून. शिवाय ठोका थांबला तरी भोकाचा डबा थोडा वेळ बोलतच राहतो. ही सवय युवा नेत्यांना नवी नाही.

हे सगळं खरं असूनही बंद डब्याची बाजू मुरुमात लंगडी पडते, आणि त्याचं कारण गाडीच्या काचांत आहे. बंद डब्याचा सर्वांत मोठा आधार म्हणजे गाडीची केबिन. ६० हर्ट्झच्या लाटेची लांबी पावणेसहा मीटरच्या घरात जाते, तिचा अर्धा भागच जेमतेम केबिनमध्ये मावतो. त्याहून खोल सुरांना आत लाट म्हणून फिरायला जागाच नसते; केबिनभरची हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सैल होते. त्यामुळे सूर जितका खोल, तितकी केबिन त्याला वर उचलते, आणि हिशेबाने ही चढण दर सप्तकाला १२ डेसिबलची भरते. बंद डब्याची उतरणही १२ ची. एकाचा उतार दुसऱ्याची चढण भरून काढते, आणि लहानशा डब्यातून पार खालपर्यंत सरळ आवाज मिळतो. पत्रा थरथरतो, फटींतून हवा निसटते, म्हणून प्रत्यक्षात फायदा थोडा कमी होतो. तरी मिळतो तो फुकटच. अट एकच, काचा बंद हव्यात. आणि बुफरशेठच्या काचा कधी बंद असतात? एप्रिलमध्ये ऊन तापलेलं असताना, एसी असतानाही, चारही खाली. काचा उघडल्या की दाब बाहेर पळतो आणि केबिनची ती सगळी मदत संपते. मग बंद डबा घेऊन त्याने करायचं काय? ज्याला काचा उघड्याच ठेवायच्या आहेत त्याला भोकाचाच डबा लागतो. लोकांना त्याचा अडाणीपणा दिसतो. मला त्यात गरज आणि वस्तू यांचा चोख मेळ दिसतो.

यावर कोणी विचारील, की त्याला काचा बंद करून ऐकायला शिकवता येणार नाही का? गावात असं ऐकणारा एक माणूस असतोच. बहुधा बँकेतला, नाहीतर प्राध्यापक. त्याच्या सीटखाली वहीएवढा बंद बुफर असतो, त्याबद्दल तो बायकोलाही फारसं बोललेला नसतो, आणि रात्री सोलापूरहून परतताना नळदुर्ग मागे पडलं की तो भीमसेन जोशी लावतो. त्याचं म्हणणं, आवाज खरा हवा. ठीक. पण काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या गायकामागे तानपुऱ्याचा खर्ज लागतो तो ६९ हर्ट्झच्या आसपास. चाळीसच्या खाली काय चाललंय याच्याशी त्या मैफिलीला काही देणंघेणं नाही. संबळ-हलगीचं गाणं घेतलं तरी त्या वाद्यांची खरी धार वरच्या आवाजात असते. डीजेवाला त्याच गाण्याखाली आपला वेगळा ठोका पेरतो, आणि बुफर राबतो तो त्या पेरलेल्या ठोक्यासाठी. म्हणजे ‘खरा आवाज’ हा प्रश्न बुफरशेठच्या गाण्याला लागूच पडत नाही. तिथे मूळ असं काही नाहीच, ज्याच्याशी ताडून पाहावं. त्यातून डिकीचा पत्रा आणि मागची काच वरचे सूर अडवतात आणि खालचे जाऊ देतात. रस्त्यावरच्या माणसापर्यंत ना शब्द पोचतात, ना चाल. नुसतं धम्म, धम्म. एका सुरावर अडकलेला डबा त्याला पुरेसा आहे. गाणं कुठलं, हे कळावं अशी अपेक्षाच नाही. गाडी कुणाची, एवढं कळलं की झालं.

वॅटच्या बाबतीत मात्र त्याची बाजू घेववत नाही. अँपवर सोनेरी अक्षरांत ‘५००० वॅट’ छापलेलं असतं आणि तो ते शपथेवर सांगतो. अँपच्या बाजूचा फ्यूज बघावा: ३० अँपिअर. चौदा व्होल्टने गुणलं तर आत जातात तेच जेमतेम ४२० वॅट, बाहेर येणार त्याहून कमी. पाच हजार वॅट खरोखर काढायचे तर साडेतीनशे अँपिअरच्या वर करंट लागेल, आणि लहान गाडीचा अल्टरनेटर शंभरालाही पोचत नाही. प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचकावतात ते त्यामुळेच. बुफरशेठला ते लायटिंग वाटतं.

आता राहिला शेजाऱ्यांचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र ठरवता येतं. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर असलं काही वाजवायला बंदी आहे. पण या नियमात एक गंमत आहे. मोजमाप माणसाच्या कानाला धरून केलेलं, आणि खोल आवाज कानाला कमी ऐकू येतात म्हणून यंत्रही त्यांना सूट देतं. ४० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३५ डेसिबल वजा होतात. म्हणजे ९० डेसिबलचा नुसता ठोका यंत्रावर ५५ भरतो, बरोब्बर दिवसाच्या मर्यादेइतका. कपाटातली भांडी वाजत असतात, देवघरातला फोटो तिरका होतो, आणि कागदोपत्री गावात शांतता नांदते. १९९३ च्या सप्टेंबरअखेरीची ती भूकंपाची पहाट पाहिलेली माणसं या पट्ट्यात अजून आहेत. भिंत थरथरली की ती आधी दाराकडे बघतात, मग रस्त्याकडे. त्यांच्यासमोर मी बुफरशेठची वकिली करणार नाही. त्याचं परमार्थाचं दुकान तिथे बंदच असावं. पण गंमत ही, की एखाद्या म्हाताऱ्याने ‘लेकरा, जरा बारीक कर की’ म्हटलं तर तो लगेच बारीक करतो, वर ‘चुकलं, आबा’ म्हणतो. आबांना कळलं, काम झालं. पुढच्या गल्लीत पुन्हा वाढवायला तो मोकळा.

त्याचा खरा शत्रू लग्न. मागच्या पिढीच्या डिझायरची डिकी ३७८ लिटरची, त्यात पन्नास-साठ लिटरचा डबा आणि अँप बसवूनही बॅगा मावतात. मागच्या पिढीच्याच स्विफ्टच्या २६८ लिटरमध्ये डबा, सीएनजीची टाकी आणि माहेरी निघालेली बायको यांचा मेळ बसत नाही. पहिलं बाळ झालं की डबा घराच्या माळवदावर जातो. अशा वेळी प्राध्यापक त्याला सल्ला देतो, की आता तरी बंद डबा घे, जागा वाचेल. तो ऐकत नाही, आणि बरोबर करतो. गावाला ऐकू जाणार नसेल तर निम्मी डिकी तरी कशाला अडवायची? तो डबा विकून टाकतो. गिऱ्हाईक घरचंच असतं, मावसभाऊ, ज्याचा ट्रॅक्टर गळिताच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडून विठ्ठलसाई कारखान्याला ऊस ओढतो. ट्रॅक्टरला काच नाही, पत्रा नाही, केबिनही नाही, आणि पन्नास लिटरला कोणी नको म्हणत नाही. तिथे बंद की भोकाचा, हे उस्तादही विचारत नाही. मावसभाऊ फक्त घासाघीस करतो, ‘दादा, पाच हजार वॅटचा म्हणूलालास, मग आवाज तुमच्या मळ्यापर्यंत येईल का?’ आणि बुफरशेठ, कडेवर पोरगं घेऊन, चालत चालत मळ्याच्या बांधावर जाऊन उभा राहतो आणि तिथून ओरडतो, ‘लाव!’