स्कोप

भाचीचा सीईटीचा निकाल लागला आणि घरात अभियांत्रिकीचे तज्ज्ञ उगवले. वरच्या मजल्यावरचे काका (नोकरीतून निवृत्त, सल्ल्यातून नाही), तिची आत्या आणि इस्त्रीवाला. इस्त्रीवाल्याचा पुतण्या एआय-डीएसला आहे, त्यामुळे त्याचं मत सगळ्यांनी कपडे मोजायचे थांबवून ऐकलं.

कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. आमच्या घराण्यात लग्नासाठीही कुणाला एवढी स्थळं आली नव्हती. शिवाय नियम कडक: पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीज. मग 'मनासारखं नाही' म्हणून नाक मुरडायची सोय नाही. पहिल्या क्रमांकावर काय टाकायचं, यावरून ताई आणि भावोजींमध्ये अबोला सुरू झाला.

काकांना स्कोपचा इतिहास तोंडपाठ. धरणं बांधायची होती तेव्हा सिव्हिल. पिंपरीत टेल्को, आकुर्डीत बजाज आली तेव्हा मेकॅनिकल. घराघरात टीव्ही आला, ईएनटीसी. १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं आणि उसाच्या फडाशेजारी वर्कशॉप दिसू लागलं. मग कॉम्प्युटर. २००१ मध्ये अमेरिकेतली पोरं परतू लागली तेव्हा काकांनी "कॉम्प्युटर संपलं" असं जाहीर केलं. ते अजूनही अधूनमधून संपतं, कट-ऑफ मात्र उतरत नाही. स्कोप नेहमी आदल्या वर्षीच्या पोराला मिळालेल्या पॅकेजवर ठरतो, आणि आपलं पोर बाहेर पडतं चार वर्षांनी. हे काकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तुझी ब्रँच कोणती?"

मी प्रॉडक्शनचा. फाउंड्री, फोर्जिंग, जिग्ज-फिक्श्चर्स, सगळं रीतसर शिकलो. कॅम्पसला आलेल्या सॉफ्टवेअर कंपनीनं यातलं काही न विचारता कोडी घातली आणि सगळ्या ब्रँचच्या पोरांना एकाच बसमध्ये भरून ट्रेनिंगला नेलं. शेजारी मेटलर्जीवाला, पलीकडे इन्स्ट्रुमेंटेशनवाली. आज आम्ही तिघंही एका परदेशी बँकेच्या व्याजाचं गणित सांभाळतो. लेथ मशीन शेवटचं पाहिलं ते व्हायवाला, आणि तेव्हाही परीक्षकांनी विचारलेला भाग मला सापडला नव्हता.

एवढ्यात भाची म्हणाली, "मला सिव्हिल घ्यायचंय."

आत्यानं पंखा वाढवला. इस्त्रीवाला गठ्ठा बांधू लागला. मी तिच्या बाजूनं विश्वेश्वरय्यांना उतरवलं: पुण्यात येऊन सिव्हिल शिकले, १९०३ मध्ये खडकवासल्याला पुराच्या पाण्यानं आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, पुढे भारतरत्न झाले.

"त्यांचं आधी बीए झालं होतं," काका म्हणाले. "हाताशी काहीतरी होतं. आणि तेव्हा पॅकेज कुठं होतं?"

भाचीनं शांतपणे पहिल्या रकान्यात सिव्हिल टाकलं. काका उठले, चपला घातल्या, आणि दारातूनच म्हणाले, "बरं, आता घेतेच आहेस तर, आपल्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट रखडलंय. स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट आणून देतो, जरा वाचून ठेव."