सुरत, व्हाया उकाई

खानदेशी माणूस सुरतेला निघाला की त्याला तिकडे लग्न, दुखवटा किंवा कामधंदा यांपैकी काहीतरी एक असतं, आणि वाटेत टोल चुकवायचा असतो. पहिल्या तिन्हींत पुढंमागं होऊ शकतं. टोलाच्या बाबतीत तडजोड नाही.

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत आमचा अर्धा जिल्हा नांदतो. कुणी लूमवर, कुणी कापड मार्केटात, कुणी आता नगरसेवकही. त्यामुळे धुळे–सुरत महामार्ग आम्हाला घरच्या बोळासारखा वाटतो. बोळातून जायला कोण पैसे देतं? "टोल कसाले भराना?" हा आमच्या नानांचा सवाल. नाना कुणाचे काका, कुणाचे व्याही, आणि आडवाटांच्या बाबतीत सगळ्यांचे गुरू. गुगलच्या नकाशात 'टोल टाळा' अशी सोय असते, ती नाना वापरत नाहीत. नकाशात बोलणाऱ्या बाईला रस्ते ठाऊक असले तरी माणसं ठाऊक नाहीत, असं त्यांचं मत आहे.

कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूर येईपर्यंत नाना बरे असतात. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथल्या एका बाकावर मध्ये बसलं तर माणसाचीही तीच अवस्था होते. हद्द ओलांडली की नाना महामार्गाकडे संशयानं बघू लागतात, कारण पुढे सोनगडजवळ मांडळचा टोलनाका आहे. मग 'आतून घेऊ' असं म्हणून गाडी उकाईच्या बाजूला वळते. तिथून मांडवी, तिथून बारडोली. वाटेत गामित-चौधरींची गावं, प्रत्येक गावाला दोन गतिरोधक, दोन गतिरोधकांच्या मध्ये एक म्हैस. त्या अरुंद रस्त्यावर समोरून उसाची बैलगाडी आली की नाना गाडी शेतात घालतात आणि मागच्यांना सांगतात, "बघा, निसर्ग फुकट."

हिशेब सोपा आहे. गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल तर तीस किलोमीटरचा फेरा म्हणजे दोन लिटर डिझेल. शिवाय तासभर, आणि मागच्या सीटवरच्या काकूंची कंबर. पण फास्टॅग टोल कापतो तेव्हा मोबाइल टिंग करून वाजतो, किती गेले आणि किती उरले ते सांगतो. डिझेल जळताना मोबाइल वाजत नाही. ज्या खर्चाचा मेसेज येत नाही तो खर्च झालाच नाही, या तत्त्वावर नानांचं अर्थशास्त्र उभं आहे. राज्याराज्यांची अर्थखातीही थोड्याफार फरकानं त्यावरच चालतात.

नाना ज्या सोनगडला वळसा घालतात, तिथला इतिहास मात्र त्यांना वळसा घालू देत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडला ठाणं केलं आणि सुरतेच्या मुलखातून चौथ वसूल करायला सुरुवात केली. वाटेवर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या उत्पन्नातला हिस्सा घ्यायचा, हा उद्योग त्या परिसरात आपलाच. पुढे त्यातून बडोद्याचं संस्थान उभं राहिलं. आज त्याच भागात नाक्यावरचा फास्टॅग रीडर तेच काम करतो, फक्त घोडा लागत नाही. आपण गल्ल्याच्या आतल्या बाजूला होतो तेव्हा तो पराक्रम होता. बाहेरच्या बाजूला आलो आणि ती लूट झाली.

पुढे बारडोली. सरकारनं शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला म्हणून १९२८ साली वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी तो भरायचं नाकारलं. जमिनी जप्त झाल्या, गुरं हाकून नेली, माणसं हलली नाहीत. वाढ शेवटी सहा टक्क्यांच्या आसपास आली आणि वल्लभभाई 'सरदार' झाले. या पट्ट्यात स्थानिक गाड्यांना टोलमाफी मिळावी म्हणून लढणाऱ्या समितीचं नावही 'ना-कर समिती' आहे. नानांना हे फार आवडलं. पण माफी मागितली जाते ती जीजे ०५ आणि जीजे १९ या पाट्यांसाठी, आणि नानांची गाडी आहे एमएच १९. आकडा जुळतो, अक्षरं जुळत नाहीत. सोयरिकीत असं झालं तर आपण चालवून घेतो, टोलनाका घेत नाही.

एवढं मात्र नानांनाही ऐकवायला हवं की बारडोलीकरांनी सारा नाकारला तो घरासमोर उभं राहून, परसदारानं निसटून नव्हे. कोल्हापूरकरांनी रस्त्यावर उतरून आंदोलन केलं, तेव्हा २०१५ च्या अखेरीस शहरातला टोल गेला. नाना रस्त्यावरून उतरतात. त्यानं टोल जात नाही, कुठल्या तरी गावाचा डांबराचा थर जातो. त्या गावाला ना नाका आहे, ना पावती.

सरकारनं नानांना हिंमत दिलीच नाही असं नाही. एका टोलनाक्यापासून साठ किलोमीटरच्या आत दुसरा नाका असेल तर तो तीन महिन्यांत बंद करू, असं नितीन गडकरींनी मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं होतं. ते तीन महिने नाना अजून मोजताहेत. मुंबईच्या वेशीवरचे पाचही नाके हलक्या वाहनांना माफ झाले ते १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री. विधानसभेची आचारसंहिता लागली १५ ला. म्हणजे टोल माफ होण्यासाठी रस्ता वाईट असून भागत नाही, निवडणूक जवळ असावी लागते. केरळात रस्त्याच्या दुर्दशेमुळे उच्च न्यायालयानं पालियेक्कराच्या नाक्यावरची वसुली ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. हे वाचल्यापासून नाना खड्डे दिसले की खूश होतात.

खरा घाला पडला तो १५ ऑगस्ट २०२५ ला. सरकारनं खासगी गाड्यांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास काढला: तीन हजार रुपये, दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. म्हणजे नाक्याला पंधरा रुपये. पंधरा रुपयांसाठी उकाईला कोण जाणार? एका रात्रीत नानांची सगळी विद्या कवडीमोल झाली. काही दिवस ते गप्प होते. मग त्यांनी पास काढला.

आणि आता उलटंच सुरू झालंय. तीन हजार भरलेत, तर दोनशे फेऱ्या वसूल झाल्या पाहिजेत, न वापरलेल्या वर्षअखेरीस बुडणार. त्यामुळे नाना हल्ली नाके शोधत हिंडतात. परवा लिंबायतला साखरपुडा होता, तो आटोपून सगळ्यांना डुमसला घेऊन गेले. काळी वाळू बघितली, टोमॅटोची भजी खाल्ली, आणि परत गावी निघायच्या ऐवजी गाडी थेट वलसाडच्या दिशेला. का, तर मुंबईच्या महामार्गावर बोरियाचला एक नाका आहे आणि भगवाड्याला दुसरा. जाऊन-येऊन चार फेऱ्या. काकूंनी विचारलं, "वलसाडला आपलं कोण आहे?" नाना म्हणाले, "पास आहे."

तेव्हा वाचकांपैकी कुणाला येत्या काही महिन्यांत राष्ट्रीय महामार्गानं कुठंही जायचं असेल, तर त्यांनी नानांना आगाऊ कळवावं. समृद्धी नको, तिथं हा पास चालत नाही. टोल नाना भरतील. डिझेल तेवढं तुमचं.