कॅश जुळली नाही

बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली एकवीस कॅशमध्ये. या एकवीस वर्षांत माझी कॅश दोनदाच शॉर्ट आली. एकदा शंभर रुपयांनी, एकदा पन्नास. दोन्ही वेळा खिशातून भरले आणि दोन्ही तारखा आजही पाठ आहेत. त्यामुळे ओरेगनमधल्या पोर्टलंडला मुलीकडे उतरल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वर्षांच्या नातीने, "आबा, आज आपल्याला कॅश शोधायला जायचंय," असं जाहीर केलं, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

"किती गेली?" मी विचारलं.

गेली काहीच नव्हती. ही कॅश निराळी. कोणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण फोनमधल्या जीपीएसच्या बोटाला धरून तिथे जायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून परत यायचं. याला जिओकॅशिंग म्हणतात. जगात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत म्हणे.

"आणि मिळतं काय?" हिने विचारलं.

"सही करायला मिळते."

"सह्याच करायच्या होत्या तर रिटायर कशाला झालात?"

नातीने मला बाजूला घेऊन कायदे सांगितले. पुस्तकातले वेगळे आणि बिनपुस्तकातले वेगळे. पेन आपलं आपण न्यायचं, कारण डब्यात पेन असतंच असं नाही आणि असलं तर चालतंच असं नाही. (हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या काउंटरवरचं पेन दोरीने बांधलेलं असे आणि दोरी चांगली मजबूत असे.) डबा सापडला तर नोंद करायची आणि नाही सापडला तरी 'सापडला नाही' अशी इमानदारीत नोंद करायची. बरेच जण लाजेखातर ही दुसरी नोंद करत नाहीत, पण ते खरे शोधक नव्हेत. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे शोधताना मगल लोकांच्या नजरेला पडायचं नाही. मगल हा शब्द हॅरी पॉटरमधून उचललेला. तिथे जादू न येणारे ते मगल, इथे या खेळातलं काही न कळणारे.

"म्हणजे आपण तेवढे सोवळ्यातले," ही म्हणाली, "आणि बाकी सगळं गाव ओवळ्यात."

पहिला डबा एका दुकानाच्या पार्किंगमध्ये होता. डब्यांना एक ते पाच असे अवघडपणाचे गुण असतात, शोधायला वेगळे आणि पोचायला वेगळे. याला दोन्हींत दीड. नातीने तो खास माझ्यासाठी निवडला होता. जागेवर पोचलो तर एक दिव्याचा खांब आणि भोवती चकचकीत सिमेंट. झाड नाही, झुडूप नाही. मी खांबाभोवती पाच प्रदक्षिणा घातल्या. वर बघितलं, खाली बघितलं. फोन सांगत होता, दोन मीटर. मग सांगायला लागला, सात मीटर. मी हललोही नव्हतो.

नात पुटपुटली, "आबा, स्कर्ट उचला."

मी दचकून हिच्याकडे पाहिलं. ही पंजाबी ड्रेसमध्ये होती.

तर खांबाच्या बुंध्याशी नट-बोल्ट झाकायला एक पत्र्याचं चौकोनी आवरण असतं, त्याला तिथे स्कर्ट म्हणतात. ते नुसतं वर सरकतं. मी वाकून ते चार बोटं उचललं, आणि असा काही करकरीत आवाज झाला की दुकानाच्या दारातल्या सिक्युरिटीवाल्याने मान वळवली. तो आमच्याकडे यायला लागला. असं झालं तर काय करायचं हे नातीने पढवून ठेवलं होतं : बुटाची लेस बांधायची. मी तत्परतेने खाली बसलो. पायात कोल्हापुरी होत्या.

सिक्युरिटीवाला येऊन उभा राहिला तेव्हा मी उजव्या पायाचा अंगठा दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. त्याने "सगळं ठीक आहे ना, सर?" असं विचारलं. ही प्रसंगावधानी. तिने कपाळाला हात लावून मला चक्कर आल्याची खूण केली. तो भला माणूस धावत जाऊन खुर्ची घेऊन आला. मला बसवलं, पाणी दिलं आणि स्वतःच्या वडिलांच्या ब्लडप्रेशरबद्दल बोलत पंधरा-वीस मिनिटं तिथेच उभा राहिला. खुर्ची नेमकी स्कर्टला टेकलेली. मी मनातल्या मनात 'सापडला नाही'ची नोंद लिहायला घेतली.

गाडीत बसल्यावर नात म्हणाली, "झालं. तो पाणी आणायला गेला तेव्हा मी सही करून टाकली. तुमच्या नावाचीपण केली."

एकवीस वर्षं कॅशमध्ये काढलेल्या माणसाची सही दुसऱ्याने केली होती! मी गाडी परत वळवायला लावली. जुन्या फिल्मच्या रोलच्या डबीत कागदाची एक सुरळी होती, त्यावर लोकांनी मुंगीएवढ्या अक्षरांत आद्याक्षरं लिहिली होती. मी नातीच्या नोंदीवर आडवी रेघ मारली, बाजूला छोटी सही केली आणि खाली माझी बँकेतली पूर्ण सही, तारखेसकट. सुरळीचा पाव भाग संपला. पुढच्या महिन्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक डबी सापडली. ती लोहचुंबकाने रेलिंगला चिकटवलेली, आत बोटाच्या पेरापेक्षा अरुंद पट्टी. तीत माझ्या आडनावाची पहिली तीन अक्षरंच मावली. रात्रभर मला ते अपुऱ्या सहीच्या चेकसारखं खुपत राहिलं.

जावयाचा याबाबतीतला अनुभव जुना. तो सांगायचा की पूर्वी डब्यांचे मालक वाटेल त्या अटी घालत. सही केली तरी नोंद धरत नसत. आधी कविता करा, नाहीतर डोक्यावर विचित्र टोपी घालून फोटो काढा. २००९ मध्ये असल्या सक्तीच्या अटींवर बंदी आली. मी 'फार चांगलं झालं' म्हणालो, तर तो म्हणाला, "पण वेबकॅमवाले थोडे शिल्लक आहेत." म्हणजे डबा नाहीच. एखाद्या चौकात सार्वजनिक कॅमेरा असतो, त्यापुढे जाऊन उभं राहायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या कोणीतरी कॉम्प्युटरवर ते चित्र टिपून ठेवायचं. तीच नोंद. नवीन वेबकॅम आता काढता येत नाहीत, जुने तेवढे चालू ठेवलेत, भाडे नियंत्रणातल्या वाड्यांसारखे.

दुपारी बाराला आम्ही अशा एका चौकात जाऊन उभे राहिलो. चित्र टिपायचं काम मी सांगलीच्या साडूंकडे दिलं होतं, कारण ते रात्री जागतात. तिथे साडेबारा वाजले होते, रात्रीचे. फोनवर साडू म्हणाले, "दिसताय, दिसताय. हात हलवा." मी हलवला. "नाही, दुसरा हात." दुसरा हलवला. "छत्री मिटा." माझ्याकडे छत्री नव्हती. पुढची दहा मिनिटं साडू एका अनोळखी छत्रीवाल्या बाईंना सूचना देत होते, आणि त्यांच्या वतीने मी रस्त्यात कवायत करत होतो. चित्र आलं ते त्या बाईंचंच. कोपऱ्यात एक कोपर आहे. माझं आहे असं ही म्हणते, कारण शर्ट तिनेच घेतलेला.

आता माझ्या खऱ्या गुन्ह्याकडे येतो.

मोठ्या डब्यांत वहीबरोबर चिल्लर वस्तूही असतात : गोट्या, किचेन, प्लॅस्टिकचे डायनॉसॉर. हवी ती घ्यावी, पण बदल्यात तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवावी. हा हिशोब मला मनापासून पटला. डग्लस फरच्या गर्द झाडीत एका बुंध्याच्या ढोलीत आम्हाला असा डबा सापडला. खरं सांगायचं तर हिला सापडला. ती दमून त्याच बुंध्यावर बसली होती, आणि मी पस्तीस मिनिटं आजूबाजूची पानं उलटत होतो. आत एका साखळीला लावलेलं पितळी कासव होतं, सोबत नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला. मला ते फार आवडलं. मोलाला मोल म्हणून मी पिशवीतून पुण्याहून आणलेलं शेंगदाण्याच्या चिक्कीचं अख्खं पाकीट काढून डब्यात ठेवलं. नात तेव्हा गोगलगाय बघत होती.

आठवड्याने त्या डब्याच्या पानावर मालकाची नोंद आली. झाकण कुरतडलेलं, वही फाटलेली, सगळीकडे चिकट. कोणीतरी आत खाण्याची वस्तू ठेवली होती, असं कृपया करू नका. जेवणाच्या टेबलावर नातीने ते मोठ्याने वाचलं आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मी आमटी वाढून घेतली.

गुन्हा कबूल केला. मालकाला "उपरोक्त विषयास अनुसरून" या वळणाच्या इंग्रजीत दिलगिरीचा मेल पाठवला, आणि नवा डबा-वही घेऊन तिघं पुन्हा जंगलात गेलो. पण वकिली बुद्धी स्वस्थ बसेना. वाचायला घेतलं, आणि घबाड हाती लागलं.

झालं होतं असं. जीपीएस अमेरिकेच्या लष्कराचं. सामान्य माणसाला मिळणारा सिग्नल ते मुद्दाम बिघडवून देत, त्यामुळे शंभर-शंभर मीटरची चूक यायची. ही बनवाबनवी बंद करण्याची घोषणा क्लिंटनसाहेबांनी केली १ मे २०००ला. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, बँकेला सुट्टी. त्या मध्यरात्रीपासून चूक काही मीटरवर आली. ३ मेला डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने पोर्टलंडच्या दक्षिणेला बीव्हरक्रीकजवळ रस्त्याकडेला एक काळी बादली अर्धवट पुरली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. हा पहिला डबा. माइक टीग नावाच्या माणसाने तो तीन दिवसांच्या आत गाठला. आणि त्या बादलीत गोफण, पुस्तकं वगैरेंबरोबर काय होतं? बीन्सचा डबा! खाद्यपदार्थ! शिवाय बादली पुरलेली. आज डबा पुरायला मनाई आहे, खाणं ठेवायला मनाई आहे. मूळपुरुषाने एका दमात दोन नियम मोडले होते, मी एकच.

रविवारी मुलीने त्या जागी नेलं. वाट आडगावची, झाडीतली, आणि तिथे आठवणीची एक फलक बसवलेली शिळा. मी नातीला तिच्यासमोर उभं करून माझा मुद्दा मांडला. ती म्हणाली, "आबा, बीन्स टिनमध्ये होत्या. खारी टिन फोडत नाहीत." तो बीन्सचा डबा पुढे त्याच जागी सापडला, आणि त्यालाही नंबर लावून जगभर फिरायला सोडलंय, असंही तिने ऐकवलं. नंबर लावलेल्या अशा वस्तू सापडणाऱ्याच्या मालकीच्या होत नसतात. त्या डब्याडब्यांतून पुढे सरकवायच्या असतात. मी मान डोलावली. बॅगेच्या तळाशी मोज्यात गुंडाळलेल्या पितळी कासवाची तेव्हा मला आठवणही झाली नाही.

ती झाली पुण्यात. व्हिडिओ कॉलवर मागच्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी नातीला ते दिसलं. तिने नंबर वाचायला लावला, मग बराच वेळ बोलली नाही. ते कासव एका लहान मुलाचं होतं. त्याला पॅसिफिकपासून अटलांटिकपर्यंत जायचं होतं, लोकांच्या हातोहात. चार महिने त्याचा पत्ता नव्हता. "अरबी समुद्रापर्यंत आलंय, तोही समुद्रच," असं मी म्हणून पाहिलं.

"आबा," एवढंच ती म्हणाली.

त्याला पुन्हा वाटेला लावायचं तर जवळपासचा डबा शोधणं आलं. आपल्याकडे ते मोजकेच, पण घराजवळच्या टेकडीवर एक निघाला. सकाळी साडेसहाला चढलो. ओरेगनच्या लोकांचं एक बरं होतं, संशय आला तरी ते विचारत नसत. इथे मी दगडाखाली हात घालतो न घालतो तोच मागून आवाज आला, "काय हरवलं?"

लेस बांधायचा प्रश्नच नव्हता. "किल्ली," मी म्हणालो.

"कशी होती?" दुसऱ्याने काठी पुढे केली. तिसऱ्या बाईंनी मैत्रिणींना हाक मारली. पाच मिनिटांत नऊ माणसं टेकडी विंचरत होती. एक निवृत्त कर्नल सगळ्यांना ओळीत चालायला लावत होते. दोघांनी मला किल्ल्या सांभाळण्याबद्दल चार गोष्टी ऐकवल्या. मग करवंदीच्या जाळीतून एका काकूंनी हिरवा डबा वर धरला. "किल्ली नाही, पण हे काय आहे बघा हो. बॉम्ब तर नसेल?"

सगळं सांगावं लागलं. अक्षांश, रेखांश, कासव, तो मुलगा, चिक्कीसुद्धा. कोणी हसलं नाही. कर्नलांनी कासव हातात घेऊन बिल्ल्यावरचा नंबर दोनदा वाचला आणि स्वतःच्या हाताने डब्यात ठेवलं. मग वही फिरली. मी माझी पूर्ण सही केली, तारखेसकट. खाली नऊही जणांनी नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर लिहिला. काकूंनी शेऱ्याच्या जागी लिहिलं : "झाकण घट्ट लागत नाही. संबंधितांनी लक्ष घालावे."