डेडच्या आधी कोण होतं?

ग्रेटफुल डेडच्या चाहत्यांमध्ये एक उतरंड आहे. ‘मी डेडला ऐकलंय’ असं नुसतं म्हणणारा अगदी तळाला. तीस वर्षांत सुमारे २,३०० मैफली केलेला हा बँड. कॅलिफोर्नियातल्या एका विशिष्ट वयाच्या माणसाने त्यांना ऐकलं नसेल तर संशय त्याच्यावरच यायचा. त्याच्या वरच्या पायरीवरचा माणूस तारीख सांगतो. त्याच्याही वरचा, त्या तारखेला दुसऱ्या सत्रात कुठल्या गाण्यातून कुठल्या गाण्यात शिरले ते सांगतो. आणि शिखरावर बसलेला डेडविषयी बोलतच नाही. तो चष्मा पुसत विचारतो, “ते असू दे. त्यांच्याआधी कोण होतं?”

या प्रश्नाने भलेभले गारद होतात. कारण मुख्य बँड कुणालाही आठवतो. आधीचा बँड आठवायला माणूस वेळेवर पोचलेला असावा लागतो, आणि पोचल्यावर शुद्धीत असावा लागतो. या दोन्ही गोष्टी एकाच डेडहेडच्या, म्हणजे डेडच्या चाहत्याच्या बाबतीत, एकाच संध्याकाळी घडणं म्हणजे योगच.

शुद्धीचा मुद्दा मी चेष्टेने काढलेला नाही. १९६५ साली पालो आल्टोत जमलेली ही मंडळी सुरुवातीला केन केसी या कादंबरीकाराच्या ‘ॲसिड टेस्ट’ नावाच्या जमावांत वाजवायची. तिथे एलएसडी सरबतासारखं वाटलं जाई. कॅलिफोर्नियात ते बेकायदा ठरलं ऑक्टोबर १९६६ मध्ये. तोपर्यंत सगळं कायद्यात बसत होतं, फक्त डोक्यात बसत नव्हतं. त्यामुळे त्या काळच्या आठवणी पुरावा म्हणून कुठल्याही कोर्टात टिकायच्या नाहीत.

आणि गंमत अशी की पुराव्याच्या बाबतीत या बँडइतका श्रीमंत बँड दुसरा नसेल. डेडनी श्रोत्यांना मैफली ध्वनिमुद्रित करू दिल्या. १९८४ पासून तर टेपवाल्यांसाठी ध्वनियंत्रणेच्या मागे वेगळी जागाच राखून ठेवली. तिथे उंच दांड्यांवर मायक्रोफोनांचं जंगल उगवायचं. कॅसेटी विकायच्या नाहीत, नुसत्या एकमेकांना द्यायच्या, हा अलिखित नियम. म्हणजे जगातली सर्वांत बेभरवशाची स्मरणशक्ती आणि सर्वांत भरवशाचं दप्तर, दोन्ही एकाच पंथाकडे. चाहता म्हणतो, त्या रात्री चाळीस मिनिटं वाजवलं. कॅसेट म्हणते, एकवीस. चाहता म्हणतो, कॅसेटमध्ये दोष आहे.

आमच्या शेजारचे डॉक्टर याच पंथातले. निवृत्त दंतवैद्य. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या तोंडात चिमटे आणि कापूस घालून त्यांना डेडच्या आठवणी सांगितल्या. एकानेही मध्ये तोंड घातलं नाही. निवृत्त झाल्यावर, ऐकणाऱ्याचं तोंड मोकळं असतं हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. त्यांच्या गॅरेजात भिंतभर कॅसेटी आहेत, बहुतेक नव्वद मिनिटांच्या मॅक्सेल. उरलेल्या जागेत एक जुनी व्होल्वो आहे, आणि व्होल्वो आणि भिंत यांच्यामध्ये चार-पाच घडीच्या खुर्च्या. हीच त्यांची बैठक.

डॉक्टरांचं दैवत डेडचा गिटारवाला जेरी गार्सिया असलं तरी त्यांचा खरा जीव बिल ग्रॅहॅमवर. हा आयोजक बर्लिनमध्ये जन्मला, नाझींपासून वाचून पोरका होऊन अमेरिकेत आला आणि सॅन फ्रान्सिस्कोत त्याने फिल्मोरचे कार्यक्रम उभे केले. हॉलमध्ये सफरचंदांचं पिंप ठेवायचा, वाटेल त्याने घ्यावं. पण त्याची खरी कमाल म्हणजे एका रात्रीत कोणाला कोणापुढे बसवायचं, ही अक्कल. डिसेंबर १९६६ मध्ये ओटिस रेडिंगला बोलावलं तेव्हा त्याच्याआधी वाजवायला स्थानिक बँडांची रीघ लागली आणि एका रात्री तो मान डेडना मिळाला. जानेवारी १९६९ मध्ये कंट्री जो अँड द फिश यांच्या कार्यक्रमाला आलेल्या लोकांना आधी एक नवखा इंग्लिश बँड ऐकावा लागला. त्याचं नाव लेड झेपेलिन. त्या रात्री कंट्री जोच्या चाहत्यांनी घड्याळाकडे बघितलं असेल का, हा विचार मला अधूनमधून सुखावतो.

आणि मग एप्रिल १९७०. फिल्मोर वेस्ट, ९ ते १२ तारीख, चार रात्री. वर नाव ग्रेटफुल डेडचं आणि त्यांच्याआधी वाजवायला माइल्स डेव्हिस. होय, तोच. त्याची ‘बिचेस ब्रू’ ही तबकडी नुकतीच बाजारात आली होती. सोबत चिक कोरिया, डेव्ह हॉलंड, जॅक डीजॉनेट, स्टीव्ह ग्रॉसमन आणि तालवाद्यांवर ब्राझीलचा आयर्टो मोरेरा. जाझमधला एवढा मोठा माणूस, आणि समोर लांब केसांची पोरं ‘डेड कधी येणार’ म्हणून जमिनीवर पसरलेली. फिल लेश या डेडच्या बेसवाल्याने आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवलंय, की बाजूला उभा राहून माइल्सला ऐकताना, यानंतर आपण वाजवायचं तरी काय, हा प्रश्न त्याला पडला होता. मला स्वतःला विचाराल तर त्या चार रात्रींपुरतं उत्तर सोपं होतं: काही वाजवू नये, सफरचंद खावं आणि घरी जावं. हे मी डॉक्टरांपुढे बोललो नाही. मला अजून दात आहेत.

डॉक्टर १० तारखेला हजर होते. ही तीच रात्र, जिचं ध्वनिमुद्रण पुढे ‘ब्लॅक ब्यूटी’ म्हणून आलं. ते कसे बसले होते, माइल्सने पाठ कशी फिरवली, शेजारचा माणूस कसा रडला, सगळं ते डोळे मिटून सांगतात. त्यांचा मेव्हणा चारही रात्री हजर होता. दोघांचं एकमत फक्त एवढ्यावरच, की समोरचा आलेला नव्हता.

निकाल देऊ शकेल असं एकच माणूस त्या घरात आहे, आणि ते बोलत नाही. कॅसेटींच्या पाठींवरचं सुबक हस्ताक्षर मी कितीतरी दिवस डॉक्टरांचं समजत होतो. डॉक्टरांचं हस्ताक्षर असं असणं शक्य नाही, हे आधीच ओळखायला हवं होतं. ते त्यांच्या बायकोचं. टेप करायच्या त्या, हे नाचायचे. टेप करणाऱ्याने टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, शेजाऱ्याशी बोलायचं नाही, नाहीतर सगळं कॅसेटवर येतं. ती शिस्त बाईंच्या अंगात अशी मुरली, की डॉक्टर बोलायला लागले की त्या अजूनही गप्प बसतात. मात्र एकदा बार्टन हॉलचा विषय निघाला तेव्हा त्यांनी शिस्त मोडली.

८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. कवायतीसाठी बांधलेली इमारत, बाहेर मे महिन्यात बर्फ, आणि आत डेडनी जे वाजवलं ते त्यांचं सर्वोत्तम असं मानणारे लाखो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते ध्वनिमुद्रण राष्ट्रीय ठेव्यात घेतलं. ही मैफल झालीच नाही, सगळा सरकारी बनाव आहे, असं म्हणणाराही एक गमत्या पंथ आहे. तो मला पटतो. कारण ‘आम्ही तिथे होतो’ म्हणणारे सगळे खरोखर तिथे असते तर हॉल आजही पडलेला सापडला असता. डॉक्टर नुकते बर्फापर्यंत आले होते. बाई हळूच म्हणाल्या, “त्या आठवड्यात तुझी दाढांची परीक्षा होती.” डॉक्टरांनी ताबडतोब विंटरलँडचा विषय काढला.

विंटरलँड मात्र पक्कं आहे, त्याची कॅसेट बाईंच्या अक्षरात आहे. ३१ डिसेंबर १९७८, तो हॉल बंद होण्याची रात्र. आधी ब्लूज ब्रदर्स, म्हणजे बेलुशी आणि अॅक्रॉइड हे विनोदी नट काळे चष्मे लावून. मध्यरात्री ग्रॅहॅम वेळेच्या देवाचा वेश करून एका अवाढव्य विडीवर बसून तारेवरून तरंगत आला. आणि श्रोत्यांत एक फलक: सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचं ‘डार्क स्टार’ हे गाणं वाजून १,५३५ दिवस झाले. कुणीतरी मोजत होतं! आपल्याकडे बायकोच्या वाढदिवसाला एवढा हिशेब कोणी ठेवत नाही. डेडनी ते वाजवलं. पहाटे सगळ्यांना नाश्ता दिला.

या बैठकीत गेल्या उन्हाळ्यात माझा मामा शिरला. मामा पुण्याचा, वय सत्तरच्या आसपास, आणि सवाई गंधर्व महोत्सवाचा जुना वारकरी. रात्र रात्र चालणाऱ्या सवाईपासूनचा. रात्री दहाला गाणं आटपायची सक्ती झाली तेव्हापासून देश बुडतोय असं मानणारा. इंग्रजी चांगलं, पण पॉप संगीत म्हणजे लिफ्टमध्ये वाजतं ते, अशी त्याची समजूत. डॉक्टरांनी व्होल्वोला खेटून खुर्ची दिली आणि कॅसेट लावली. पाच मिनिटं झाली, सात झाली.

“अजून लावतायत का रे?” मामाने मला मराठीत विचारलं.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हो, गाण्यांच्या मध्ये हे फार वेळ सूर लावायचे, त्याबद्दल प्रसिद्धच होते.

“मग माणसं बरी दिसतायत,” मामा म्हणाला आणि मागे रेलून बसला.

तिथून त्याने ताबा घेतला. ‘द इलेव्हन’ लागलं तेव्हा तो बोटांच्या पेरांवर मात्रा मोजू लागला आणि दोन आवर्तनांनी विजयी मुद्रेने म्हणाला, “अकरा. रुद्र ताल!” डॉक्टरांना रुद्र माहीत नव्हता, पण अकरा माहीत होते, ते खुर्चीतून उडालेच. ‘प्लेइंग इन द बँड’ला मामाने दहा मोजले, झपताल जाहीर केला, आणि “सम कुठाय ती मात्र ह्यांनाच ठाऊक” असा शेराही मारला. इथे मला माझी माहिती पाजळायची संधी मिळाली. म्हटलं, मामा, यांचा ड्रमवाला मिकी हार्ट अल्लारखाँसाहेबांकडे शिकलाय. त्या झपतालाचं मूळ रूप त्याच्या १९७२ च्या तबकडीत आहे, आणि त्याच तबकडीत खाँसाहेब आणि झाकीरभाई दोघंही आहेत. पुढे झाकीरभाईंबरोबर त्याने ‘दिगा’ नावाचा तालवाद्यांचा ताफा काढला. त्यातल्या एका चिजेतून डेडचं ‘फायर ऑन द माउंटन’ निघालं. बार्टन हॉलच्या ज्या टेपसाठी ही माणसं जीव टाकतात, तिच्यातलं गाजलेलं गाणं तेच.

“म्हणजे माहीमचंच की,” मामा म्हणाला.

आता डॉक्टरांनी हुकमी पान टाकलं. माँटेरेचा पॉप महोत्सव, १८ जून १९६७. डेडच्या आधी ‘द हू’, त्यांनी वाद्यं फोडली. डेडच्या नंतर जिमी हेंड्रिक्स, त्याने गिटार पेटवली. मध्ये डेड, बिचारे नुसते वाजवत राहिले. त्यातही मंकीज बँडचा एकजण मंचावर येऊन, बीटल्स आलेले नाहीत, उगाच गर्दी करू नका, असं सांगून गेला. नाटक रंगात यावं आणि ‘गेटसमोरची पांढरी गाडी हलवा’ अशी सूचना व्हावी, अगदी तसं. मामाने शांतपणे विचारलं, “आणि त्या दिवशी दुपारी?” डॉक्टर गप्प. दुपारी पंडित रविशंकर होते, साथीला अल्लारखाँ, तीन तासांच्या वर. “मग डेडच्या आधी कोण होतं, ‘द हू’ की आम्ही?” त्या दिवसापासून डॉक्टर मामाला ‘पंडित’ म्हणू लागले.

खरा पेच पडला तो ‘ड्रम्स’पाशी. डेडच्या दुसऱ्या सत्रात बाकीचे वादक विश्रांतीला जायचे आणि दोघं ड्रमवाले एकटे वाजवायचे. श्रोत्यांची पिढ्यान् पिढ्यांची समजूत अशी, की ही शौचालयाला जायची वेळ. कॅसेटवर ड्रम्स सुरू झालं आणि डॉक्टर, मेव्हणा, मेव्हण्याचा मित्र, सगळे न बोलता उठून घराकडे चालू पडले. स्वतःच्या घरात, कॅसेट थांबवायची सोय असताना! सवय. मामा मात्र नेमका तेव्हाच ताठ बसला होता. त्याच्या लेखी कार्यक्रम आत्ता कुठे सुरू होत होता. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून त्याचा चेहरा असा झाला, जणू तबल्याचा सोलो सुरू असताना सवाईचं अख्खं रमणबाग भज्यांच्या गाडीकडे निघालंय. बाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. टेप करणाऱ्याला उठता येत नाही. त्या दोघांनी मिळून ते ड्रम्स शेवटपर्यंत ऐकलं, एक शब्द न बोलता, आणि शेवटी मामाने पहिल्यांदाच हात वर करून दाद दिली. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

मामा निघायच्या आधी डॉक्टरांनी त्याला इजिप्तची टेप ऐकवली. सप्टेंबर १९७८, गिझाचे पिरॅमिड, शेवटच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. क्रॉइट्झमन या ड्रमवाल्याचं मनगट मोडलेलं, पियानो बेसूर. तीस वर्षं ती तबकडी काढायची हिंमत झाली नाही. पण आधी नुबियाचा हमझा एल दिन यायचा, सोबत टाळ्या देणारे गायक. तो गात असतानाच डेडचे लोक एकेक करून येऊन त्याच्यात मिसळायचे. आधीचा कुठे संपला आणि हे कुठे सुरू झाले, कळायचं नाही. “असं हवं,” मामा म्हणाला. “आमच्याकडे दोन गाण्यांच्या मध्ये सत्कार असतात.”

परवा पुण्याला फोन केला तर मामाकडे त्याचे सवाईचे दोस्त जमले होते. फोन स्पीकरवर होता आणि मी बोलतोय हे कुणाच्या गावी नव्हतं. मामा रंगात आला होता. “ड्रम्स सुरू झालं,” तो सांगत होता, “आणि भोवतालची सगळी माणसं उठून गेली बघ! एकटा मी बसून राहिलो.”

“गर्दी किती होती?” कुणीतरी विचारलं.

“अरे, पाय ठेवायला जागा नव्हती,” मामा म्हणाला.

हे मात्र खरं आहे. डॉक्टरांनी व्होल्वो बाहेर काढलीच नव्हती.