प्रेक्षक प्रतिबंधक संकेतस्थळ कसे उभारावे

संग्रहालयातल्या वस्तूंचे शत्रू चार: ऊन, दमट हवा, कसर आणि प्रेक्षक. पहिल्या तिघांचा बंदोबस्त पडदे, यंत्रं आणि औषधं करतात. चौथ्यासाठी वेबसाइट असते. ती नीट जमली, तर सहलीचा बेत आखायला बसलेलं कुटुंब अर्ध्या तासात मॉलला जायचं ठरवतं.

मुखपृष्ठावर आधी मा. मंत्री, मग मा. राज्यमंत्री, मा. सचिव, मा. संचालक, उतरत्या क्रमाने. खाली 'हार्दिक स्वागत'ची सरकती पट्टी. जुन्यात जुन्या निविदेपुढे लुकलुकणारं 'नवीन!' लावावं, ते पुन्हा काढू नये. मूर्तींचे फोटो हवेच असतील तर उद्घाटनाचे टाका. शालश्रीफळाच्या मागून दिसेल तेवढी मूर्ती पुरे.

खरं कसब साप्ताहिक सुट्टीत आहे. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. बाहेरगावच्या माणसाला आधी हवा असतो तो वार. सोमवारी छत्रपती संभाजीनगरात उतरलेल्याने त्या दिवशी ३० किलोमीटरवरचं वेरूळ करावं आणि मंगळवारी शंभरेक किलोमीटरवरचा अजिंठा. उलट केलं की दोन्ही दिवस कुलूप. हे एका ओळीत सांगता येतं, म्हणूनच सांगू नये. त्याऐवजी इतिहास द्यावा. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं हे वाचून माणूस इतका भारावतो की येत्या बुधवारी ते खुलं आहे का, हे विचारायचं राहूनच जातं.

वेळ द्यावीच लागली तर पीडीएफमध्ये. टाइप केलेलं पत्र तसंच चढवणं हा नवशिकेपणा. आधी छापा, सही घ्या, गोल शिक्का मारा, झेरॉक्स काढा आणि ती झेरॉक्स आडवी स्कॅन करा. शिक्का 'सायं. ५' मधल्या पाचावरच बसला पाहिजे. वाचणारा मान वाकडी करतो, मग मोबाइल आडवा धरतो. मोबाइलबरोबर पानही फिरतं, आणि पाच आपला शिक्क्याखालीच. तिकीट खिडकी पाऊण तास आधी बंद होते हे मात्र पीडीएफमध्येही नको. त्यासाठी खिडकीवर कागद चिकटवायची प्रथा आहे.

ऑनलाइन तिकीट अवश्य ठेवा. ओटीपी येईपर्यंत पानाची मुदत संपावी, पैसे तेवढे कापले जावेत.

'कसे याल' मध्ये पत्ता: जुन्या जकात नाक्यासमोर. जकात गेली, नाका गेला, पत्ता टिकला. वारसा जपणं म्हणजे आणखी काय? अजिंठ्याला गाडी फर्दापूर फाट्यावर ठेवून शेवटचे ४ किलोमीटर तिथल्या बसने जायचं असतं. असला तपशील आपल्याही साइटवर नसावा. तो पोचल्यावर कळला की घरच्यांशी बोलायला विषय मिळतो.

आता आजीबाईंचं काय? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी त्यांना अडकित्ते, दिवे आणि मस्तानी महाल, सगळंच बघायचं असतं. गुडघे मात्र दोनच, तेही दुखरे. काय कुठल्या मजल्यावर, जिने किती, टेकायला बाक कुठे, स्वच्छतागृह कुठे, एवढंच त्या विचारतात. आपण कोपऱ्यात 'अ-, अ, अ+' द्यावं. अक्षर मोठं झालं की गुडघ्यांनाही आराम पडतो, अशी संगणक विभागाची श्रद्धा आहे.

संपर्कासाठी लँडलाइन द्या, एसटीडी कोड वगळून. चुकून लागलाच, तर उचलणाऱ्याने 'साइटवर बघा' म्हणावं.

एवढं करूनही शाळांच्या सहली वेळेवर, बरोबर वारी येऊन थडकतात. कारण गुरुजी साइट बघतच नाहीत, थेट शिपाईमामांना फोन लावतात. सुट्टी कधी, बस कुठे लावायची, पोरांनी डबे कुठे खायचे, पाणी कुठल्या नळाचं प्यायचं, मामांना सगळं तोंडपाठ. त्यांचा नंबर साइटवर जाणार नाही, एवढी काळजी मात्र घ्या.